अय्यनारच्या मांडीवर

भूमच्या एसटी स्टँडासमोर रणधीरचं पत्र्याचं शेड आहे. दाराशी केसिंग पाइपांचा ढीग, आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वारा कमी, आवाज जास्त देणारा एक पंखा. तालुक्यात कुणाला बोर मारायचा असला की माणूस सरळ इथं येतो. रणधीर फोन लावतो, तमिळनाडूकडची रिग बोलावतो आणि गाडी शेतापर्यंत नेऊन उभी करतो. आपल्याकडं रिग म्हटली की ती तिकडचीच, वरची माणसंही तिकडचीच. त्यांच्यात राहून राहून रणधीरला त्यांची भाषा कामापुरती येऊ लागली होती. पाणी, पाइप, थांबव, उचल, कुठं आहे, नाही, एवढ्या शब्दांत त्याचं सगळं भागायचं.

माणूस कामाला वाघ, मनानं मऊ, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आणि एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. मग स्वतःचा जीव तळमळला तरी चालेल, पण शब्द माघारी घ्यायचा नाही. असल्या माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा!

निकिता त्याची धाकटी बहीण. वडील लवकर वारले. तेव्हापासून हिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती रणधीरनं, सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडली ती रणधीरनं आणि नर्सिंगला घातली तीही त्यानंच. वेलू हा त्याचा जिवलग दोस्त, तिरुचेंगोडकडचा, एका रिगचा मॅनेजर. उन्हाळाभर त्याचा मुक्काम रणधीरच्याच घरी असायचा. दोघं एका ताटात जेवायचे. आमटीत भाकरी कुस्करून खायला वेलू शिकला, वर ठेचा मागायला शिकला, मराठी तर असं शिकला की बाजारात भाव पाडून घ्यायचा. आणि एक दिवस या वेलूनं आणि निकितानं सोलापुरात लग्न नोंदवलं आणि मग घरी फोन केला.

जात, भाषा, भावकी काय म्हणेल, हे सगळं रणधीरनं एखाद्या वेळी गिळलंही असतं. पण त्याला झोंबलं ते दुसरंच. दोघांपैकी एकानंही आधी आपल्याला विचारलं नाही! चावडीपुढं उभं राहून तो भावकीदेखत म्हणाला, "आजपासनं म्या तिचा कुणी न्हाय. तिचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाय." झालं. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

मधल्या काळात निकिताला मुलगा झाला. आणि आज तिकडं, वेलूच्या गावात, त्या पोराचं जावळ होतं.

जावळ म्हणजे मामाची मांडी आलीच. रणधीरचं स्वतःचं जावळ सोनारीला भैरवनाथापुढं निघालं होतं, मामाच्या मांडीवर. घरातल्या सगळ्यांचं तसंच. वेलूच्या गावातही हीच रीत, फक्त देव वेगळा. शिवेवर बसलेला त्यांचा अय्यनार. रणधीरची आई तुळजाबाई निघण्याआधी एकदाच त्याला म्हणाली, "येतूस का रं?" रणधीर नुसता पाइप मोजत राहिला. म्हातारी एकटीच निघाली. तिला न्यायला वेलू सोलापूर स्टेशनपर्यंत आला. पुढं भूमपर्यंत यायची त्याची छाती झाली नाही.

तर आज बाजाराचा दिवस. सकाळीच रणधीरची बायको शिवकांता शेडमध्ये आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"आवं, गावात रेंजच येईना. आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल यायलाय. हितंच बसते जरा."

"बस की. म्या अडवलंय का? फकस्त आवाज बारीक ठेव," रणधीर म्हणाला आणि आपली खुर्ची भिंतीकडं फिरवून बसला. भिंतीवर बघण्यासारखं काय होतं? एक जुनं कॅलेंडर आणि एक पाल. पण गडी असा बघत होता, जणू तिथं काही महत्त्वाचं छापलंय.

शेजारच्या खत-बियाणांच्या दुकानातून बसप्पाअण्णा उठून आले. अण्णा वयानं मोठे, त्यामुळं कुणाच्याही दुकानात न विचारता बसायचा त्यांना हक्क होता. "कोणता कॉल हाय?" म्हणत ते शिवकांताच्या मागं येऊन उभे राहिले.

फोन लागला. तिकडून तुळजाबाईचा आवाज आला, शेडभर घुमला. "शिवकांता! दिसायलो का आमी?"

"आत्या, तुमचा नुसता कान दिसायलाय. मोबाईल तोंडापुढं धरा."

"कानाला लावल्याबिगर ऐकू कसं येणार गं?"

"यतंय, यतंय ऐकू. धरा तर खरं."

मग पडद्यावर आभाळ आलं, मग कुणाची तरी चप्पल, मग ताडाचं झाड आडवं झालेलं. आणि एकदम म्हातारी ओरडली, "अगं बया बया! केवढा ह्यो देव! आपल्या मारुतीच्या देवळाच्या वर डोकं जाईल, आणि ह्यो तर बसलेला हाय!"

"बसलेला हाय व्हय? उठला तर मग कुणाचं काय खरं न्हाय," बसप्पाअण्णा म्हणाले.

भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाचे कान टवकारले. देवळापेक्षा मोठा? देव उघड्यावर कसा? वर छप्पर नाही? विचारावंसं त्याला लई वाटलं, पण विचारणार कसं? नाव न घेण्याची आण घातलेली, आता तिच्या देवाची चौकशी कोणत्या तोंडानं करायची?

"मिश्या बग, मिश्या! दंडाएवढ्या हायत," तुळजाबाईचं चालूच होतं. "आणि डोळं असलं वटारलेत की चोर शिवेवरनंच माघारी फिरंल. एक पाय दुमडून बसलाय, एक खाली सोडलाय. हातात कोयता हाय का तलवार, ते काय मला कळंना. आपला वेशीवरचा म्हसोबा म्हंजे नुसता शेंदराचा गोळा. त्याला नाक तरी हाय का न्हाय, कुणी बघितलंय? ह्याची बग, पायाची नखंसुदिक रंगवलीत."

"आत्या, दाखवा की आमाला."

"दाखवायलेच की!" आणि पडद्यावर म्हातारीचा अंगठा.

शिवकांता हसू लागली. रणधीरच्या जिवाची मात्र नुसती घालमेल. आईला फोन धरता येत नाही आणि आपल्याला बघता येत नाही. त्यानं खुर्ची थोडी, अगदी थोडी, वळवली. पाठीला कळ लागली म्हणून वळवली, असं कुणी विचारलं असतं तर सांगायचं.

"आणि घोडं!" तुळजाबाई म्हणाली. "मातीचं घोडं गं, शिवकांता! रांगच्या रांग. माणसापेक्षा उंच. काही नवं, रंगवलेलं. काही फुटलेलं, कुणाचं मुंडकं न्हाय, कुणाच्या पाठीवर गवत उगवलंय. मातीची कुत्रीबी हायत, देवाच्या राखणीला."

आता मात्र हद्द झाली. माणसापेक्षा उंच मातीचं घोडं! ज्या माणसाचा सगळा जन्म माती, मुरूम आणि खडक बघण्यात गेला, त्याला हे ऐकून गप्प कसं बसवेल? तो पाइपांकडं बघत पुटपुटला, "एवढं घोडं भाजायला भट्टी केवढी लागत आसंल."

बसप्पाअण्णांचे कान म्हातारपणीही शाबूत. ते मोठ्यानं म्हणाले, "ओ तुळजाबाई, हितं एक जण इचारायलाय..."

रणधीरनं असे डोळे वटारले की अय्यनारनं बघून घ्यावं.

"म्या इचारायलोय, म्या!" अण्णांनी सावरून घेतलं. "एवढं घोडं भाजत्यात कसं म्हणावं?"

तुळजाबाईनं मान वळवून कुणाला तरी विचारलं. आणि मग तो आवाज आला. वेलूचा. तीन वर्षांनी. रणधीरची मान ताठ झाली.

"अण्णा, राम राम. जिथं उभं करायचं तिथंच बनवतेत. पाय वेगळे, धड वेगळं, आतून पोकळ. मग भोवती गोवऱ्या आन् पेंढा रचून तिथंच भाजतेत. गावातले कुंभारच हितले पुजारी हायत."

"मग पावसात टिकतंय का?" हे रणधीर अण्णांच्या कानात बोलला, आणि अण्णांनी ते फोनमध्ये सोडलं.

"न्हाय टिकत. म्हणून तर दर वर्षी नवं करतेत."

"मग जुनं काढून का टाकत न्हाईत?" रणधीर पुन्हा कुजबुजला.

अण्णांनी हेही विचारलं. तिकडं बायकांत काही बोलणं झालं. उत्तर वेलूच्या आईनं, वल्लियम्मानं, दिलं आणि वेलूनं मराठीत सांगितलं. "आई म्हणायली, रोज रात्री देव घोड्यावर बसून शिवेवरनं फिरतो. घोडी दमतेत. दमलेल्या घोड्याला घरातनं कोण हाकलतं का?"

मग अण्णा म्हणाले, "बरूबर हाय बाईचं." आणि रणधीरची खुर्ची केव्हा पूर्ण वळली, ते त्यालाही कळलं नाही.

आता खरं सांगायचं तर त्याला घोडंबिडं काही नको होतं. त्याला बघायचं होतं पोराला. कुणासारखं दिसतं? निकितासारखं का वेलूसारखं? जावळ केवढं आहे? शिवकांताच्या मोबाईलवर फोटो यायचे, हे त्याला ठाऊक होतं, आणि तिचा मोबाईल रोज रात्री उशाशी असायचा. पण एकदाही त्यानं हात लावला नव्हता. केवढी ही शिक्षा, आणि ती भोगणारा कोण, तर देणारा स्वतःच!

तेवढ्यात तिकडं गडबड सुरू झाली. न्हावी आला. कुणीतरी म्हातारीच्या हातातला फोन सरळ केला आणि पडद्यावर सगळं एकदम नीट दिसू लागलं. मोठ्ठा बसलेला देव, लाल-निळा-पिवळा. त्याच्यापुढं पितळी तांब्या, केळीचं पान, नारळ. आणि पानाशेजारी एक नवीकोरी चटई, रिकामी. वल्लियम्मा त्या चटईवर कुणाला बसू देत नव्हती. एक पोरगी बसायला गेली तर तिला तिनं हात धरून उठवलं.

निकिता आली. कडेवर पोर. पोराचं जावळ एवढं वाढलेलं की कपाळावर रबर लावून शेंडी बांधलेली, आणि ती शेंडी कारंज्यासारखी वर. डोक्यावरून पाणी ओतलेलं, त्यामुळं ते चिडलेलं. नाकाचा शेंडा लाल झालेला. निकिता लहानपणी डोक्यावरून पाणी ओतलं की अशीच लाल व्हायची.

पुजारी म्हातारा पुढं आला. त्यानं रिकाम्या चटईकडं बघितलं आणि विचारलं, "ताय्मामन एंगे?"

"काय म्हणायलेत ओ त्ये?" शिवकांतानं अण्णांना विचारलं.

"मला काय ठावं? माझी कानडी, ही तमिळ."

रणधीरला कळलं होतं. मामा कुठं आहे, एवढंच म्हातारा विचारत होता. तिकडं तुळजाबाई मात्र आल्यापासून जे कुणी जे काही बोलेल त्याला मान हलवत होती. तिनं आताही मान हलवली. "व्हय व्हय. बरूबर."

पुजाऱ्यानं निकिताकडं बघितलं. निकितानं पोराची शेंडी सोडली, रबर मुठीत धरलं आणि खाली मान घालून म्हणाली, "मामन इल्लै."

इल्लै! कोरड्या बोरवर हॅमर शेवटपर्यंत जातो, नुसती धूळ उडत राहते, शेतकरी बांधावर बसून बघत असतो, आणि मग ड्रिलर मशीन बंद करून हा एकच शब्द बोलतो. पाणी नाही. रणधीरनं तो शब्द कितीतरी शेतात ऐकला होता आणि मराठीत करून शेतकऱ्याला सांगितलाही होता. आज तो त्याच्याच बद्दल होता. मामा नाही. आणि सांगणारी ती, आणि फोन धरून त्याची सख्खी आई म्हणते आहे, व्हय व्हय, बरूबर!

पुजाऱ्यानं च् च् केलं. बायका हळहळल्या. वल्लियम्मा तावातावानं काहीतरी बोलू लागली, पण म्हाताऱ्यानं हात वर करून तिला गप्प केलं आणि वेलूला काही सांगितलं. वेलूनं सासूकडं वळून ते मराठीत केलं.

"आई, आमच्याकडं अशी रीत हाय. ज्या पोराला मामा न्हाय, त्याला देवाच्या मांडीवर बसवतेत. एकदा बसवलं की मग देवच त्याचा मामा. पुढं कान टोचायला, लग्नात उभं ऱ्हायला, सगळा मामाचा मान देवाचा. मग दुसऱ्या कुणाला बसता येत न्हाय."

"अगं बया," तुळजाबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची मान हलायची थांबली. "आरं पण त्याला मामा..." काय सांगणार होती? आहे, पण येत नाही?

शिवकांतानं नवऱ्याकडं बघितलं.

पुजाऱ्यानं निकिताच्या हातातून पोर घेतलं, चौथऱ्यावर चढला आणि दोन्ही हातांनी त्याला वर उचललं. देवाची ती मोठी दगडी मांडी, वर त्या मिश्या, ते वटारलेले डोळे. पोरानं वर बघितलं आणि असं भोकाड पसरलं की फोनमधला आवाज फाटला. पोराचे पाय हवेत लाथा मारत होते. न्हाव्यानं वस्तरा पुसला.

आणि रणधीर उठला. खुर्ची मागं पडली. शिवकांताच्या हातातला फोन त्यानं हिसकावला आणि बोरवर, इंजिनाच्या आवाजात, पार वरच्या ड्रिलरला ऐकू जावं म्हणून जसा ओरडायचा, तसा ओरडला.

"निरुत्तु! निरुत्तु! निरुत्तु!"

थांबव! हा शब्द त्याला पक्का येत होता. स्टँडावरची माणसं वळून बघू लागली. तिकडं तुळजाबाईच्या हातातून फोन पडता पडता राहिला. पुजारी पोराला तसाच हवेत धरून उभा. सगळं गाव देवाकडं बघू लागलं, कारण आवाज देवाच्या दिशेनंच आला होता.

"फोन! फोनमधून!" वेलू ओरडला.

रणधीरला आता तमिळ आठवेना. रिगवरचे सगळे शब्द संपले. तो मराठीतच सुटला. "ए बाबा, खाली घे त्याला! खाली घे म्हणतो ना! भ्यालंय पोर. मामा काय मेलाय का त्याचा? त्याचा मामा हितं भूमात धडधाकट बसलाय आन् तुमी त्याला दगडाच्या मांडीवर बसवायला निघालाव? वेलू, सांग त्यास्नी! काय बघत बसलायस?"

वेलूनं काय सांगितलं ते देव जाणे. पण पुजारी हसू लागला. तोंडात दात नव्हते त्याच्या. त्यानं पोराला खाली घेतलं. वल्लियम्मानं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच, कुणाला दिसायच्या आत, ती चटई झटकून पुन्हा सरळ केली.

फोनचं तोंड पुन्हा आभाळाकडं झालं होतं. रणधीरला आता दम निघेना. तो म्हणाला, "आईला फोन नीट धरता येईना. निकिता, तू धर."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये हे नाव घेतलं गेलं, आणि घेतलं कुणी, तर त्यानंच. बसप्पाअण्णा उगाचच बाहेर बघू लागले.

निकितानं फोन घेतला. तिचा चेहरा पडद्याएवढा झाला. वाळली होती. नाकात तिकडची चमकी होती. पोर तिच्या खांद्यावर हुंदके देत होतं, ओलं जावळ तिच्या गालाला चिकटलं होतं.

"जावळ एवढं का वाढवलंस?" रणधीर म्हणाला. जरा रागानंच म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"दोनदा ठरलं हुतं दादा. म्याच म्हणलं, थांबू," निकिता म्हणाली. "लोक पोरगी समजत्यात ह्याला." ती रडू लागली, तशी पोरानं रडायचं थांबवून तिच्या तोंडाकडं बघितलं.

रणधीरनं डोळे पुसले नाहीत. बाजारात सगळी दुनिया बघतेय, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. "गप. रडू नको. त्या म्हाताऱ्याला इचार, म्या येईपतूर डोस्कं भिजवलेलं तसंच ठिवलं तर चालतंय का."

निकितानं विचारलं. पुजाऱ्यानं लांबलचक उत्तर दिलं. "म्हणतेत, वाळंल की. देवाला घाई न्हाय. पण वस्तरा आणलाय, तर मामा येईपतूर न्हावी हितंच जेवणार."

"जेवू दे. म्या सोलापूरहून मिळंल त्या गाडीला बसतो."

तो फोन शिवकांताच्या हातात देऊन खुंटीवरचा शर्ट अंगात घालू लागला. बटणं वरखाली लागली. शिवकांतानं ती सोडून पुन्हा नीट लावली, तोवर बार्शीवरनं सोलापूरला जाणारी एसटी स्टँडात येऊन लागली होती. तो पळतच निघाला. बसप्पाअण्णांनी मागून हाक मारली.

"आरं रणधीर, दुपारी ती रिग यायलीय, शेतकरी बसून राहील! इचारलं कुणी कुठं गेला, तर काय सांगू?"

रणधीर गाडीच्या पायरीवर चढला होता. कंडक्टर ऐकत होता, भाजीवाल्या ऐकत होत्या, निम्मी भावकी बाजाराला आलेली, तीही ऐकत होती. तो दांडी धरून मोठ्यानं म्हणाला, "सांगा, निकिताच्या पोराचं जावळ हाय. मामा गेलाय म्हणावं!"